खांद्यामागचा उजेड

मी भूतखेत मानणारी बाई नाही, हे आधीच सांगते. नर्सिंगचं ट्रेनिंग नागपूरला झालं, नोकरीची सगळी वर्षं यवतमाळ जिल्ह्यात गेली. अंगात येणाऱ्या बायांना मी क्विनाइन दिलंय आणि झपाटलेल्या मुलांच्या पोटातले जंत काढलेत. त्यामुळे या सदरातले अनुभव वाचताना माझी भुवई वरच असते. तरी एक गोष्ट माझ्याकडेही आहे...

परवा आमच्याकडे वादळाने रात्रभर लाईट नव्हती. सगळ्यांचे मोबाइल बंद पडले, आणि मी माळ्यावरचा कंदील काढून लावला. तो अजून तयार असतो — वात सरळ कापलेली, काच राखेने पुसलेली, टाकी पाऊण भरलेली. सुनेने विचारलं, आई, तुम्हाला कंदिलाचं एवढं काय आहे हो? तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

साठ-एकसष्टचा पावसाळा असावा. मारेगावच्या पलीकडे एका गावाबाहेर आमचा देवीच्या लसीचा कॅम्प होता. दोन तंबू, एक व्हॅक्सिनेटर, एक शिपाई आणि मी. वीज त्या भागात कुणी पाहिलीही नव्हती. कॅम्पचा सगळा कारभार दोन कंदील आणि एका गॅसबत्तीवर चालायचा. गॅसबत्तीचा उजेड पांढराशुभ्र, पण तिचे नखरे फार. पंप मारत राहायचं, आणि तिची जाळी एकदा जळली की नुसती राखेची असते, धक्का लागला की भुगा.

एका दुपारी आभाळ भरून आलं असताना रामू राठोड बैलबंडी घेऊन आला. त्याचा बंजारा तांडा नाल्याच्या पलीकडे होता. बायको कमली सकाळपासून अडली होती. पहिलटकरीण. माझी बॅग आणि गॅसबत्ती घेऊन मी लगेच निघालो. हो, निघालो म्हणते, कारण विदर्भात राहून मीही कधी कधी पुरुषांसारखी बोलते! बत्ती मांडीवर धरून बसले होते, पण नाल्याच्या उतारावर बंडी अशी आदळली की जाळी गळून पडली. नवीन जाळ्या कॅम्पच्या पेटीत राहिल्या होत्या. परत फिरायला वेळ नव्हता. बत्ती तशीच बंडीत ठेवली.

झोपडी कुडाची, खिडकी नसलेली. बाहेर दिवस मावळला नव्हता तरी ढगांमुळे आत काळोखच होता. दाराजवळच्या खुंटीला घरातला एकच कंदील लटकत होता. तांड्यातली म्हातारी सुईण धनीबाई कमलीपाशी बसली होती. कमलीची सासू सोनाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन उशाशी होती — उंच, करारी बाई, तोंडातून एक शब्द नाही. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि चेहरा असा की मला वाटलं ही सुनेवर रागावलीय.

बाळ झालं. मुलगी. रडलीही लगेच. धनीबाईने तिला पुसून, गुंडाळून बाजूला ठेवलं. मी सुटकेचा निःश्वास सोडला आणि पाहते तर रक्त थांबेना. बाळामागून पडायची वार आत अडकली होती. इंजेक्शन दिलं, वाट पाहिली, फरक नाही. कमली पांढरी पडत चालली. मी दाराकडे तोंड करून ओरडले, रामू, कॅम्पवर जा, व्हॅक्सिनेटर साहेबांना म्हणावं मारेगावहून डॉक्टरांना आणा, जसे असतील तसे आणा. त्याच्या पावलांचा आवाज आला आणि मी कामाला लागले.

आता नीट सांगते, कारण सगळं इथेच आहे. वार हाताने काढायची होती. ट्रेनिंगमध्ये पाहिलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. माझे दोन्ही हात गुंतलेले. धनीबाईचे दोन्ही हात वरून पोट दाबून धरायला. सोनाबाईने कमलीचे खांदे आवळून धरलेले. आणि कंदील माझ्या डाव्या खांद्यामागे कुणीतरी धरला होता. कोण, ते मी पाहिलं नाही. तांड्यातली एखादी बाई आत आली असेल असं मी धरून चालले. माझं लक्ष फक्त माझ्या बोटांकडे होतं.

मी तिच्याशी बोलतही होते. "बाई, थोडा खाली घे," म्हटलं, उजेड खाली आला. "आता इकडून दाखव," म्हटलं, तो माझ्या उजव्या बाजूला सरकला. मधे एकदा तो किंचित हलला, तशी मी म्हटलं, "हात अवघडला असेल तर बदल, पण हलवू नको." उजेड स्थिर झाला. पिवळा, शांत, अगदी हवा तिथे. घासलेटचा वासही येत होता असं मला वाटतं, पण ते शपथेवर सांगणार नाही.

वार निघाली. पोट धनीबाईच्या हाताखाली घट्ट झालं. रक्त हळूहळू थांबलं. कमलीची नाडी हाताला लागत होती. आम्ही तिघी तिथेच बसून राहिलो.

तेवढ्यात दार ढकललं गेलं आणि रामू आत आला. नखशिखांत भिजलेला, हातात कंदील.

"नाल्याले पूर आला बाई," तो म्हणाला. "काठावर उभा राहून कंदील हालवला, लय हाका मारल्या. कोणाले आयकूच नाही गेल्या." मग कमलीकडे पाहत त्याने विचारलं, "तुम्ही अंधारात काहून बसल्या? दाराच्या फटीतून उजेड दिसला नाही, मले वाटलं संपलं सारं."

मी त्याच्या हातातल्या कंदिलाकडे पाहिलं. खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती.

"तो कंदील..."

"म्याच नेलता. तुम्ही जा म्हटलं तवाच काढून नेला."

मी मागे वळले. माझ्या पाठीशी ज्वारीची कणगी होती, तिच्यामागे लगेच कुडाची भिंत. माणूस उभं राहील एवढी जागाच नव्हती. दुसरा दिवा नव्हता. चूल बाहेरच्या पडवीत, पावसाने विझलेली. मी तशीच उठून बंडीपाशी गेले. गॅसबत्ती गोणपाटाखाली होती तशी होती, थंडगार.

परत येऊन धनीबाईला विचारलं, माझ्या मागे कोण होतं?

"म्या पोटाकडं पाहून राह्यली होती बाई," ती म्हणाली. "मले वाटलं तुमची बत्ती हाय."

सोनाबाईला विचारलं तर तिने बाळाला उचलून पदराखाली घेतलं.

सकाळी नाला उतरला. रामूने निरोप पोचवला, डॉक्टर आले, कमलीला तपासलं, माझ्या कामाचं कौतुक केलं. उजेडाचं मी त्यांना सांगितलं नाही. काय सांगणार होते? नंतर कधीमधी स्वतःलाच कारणं देऊन पाहिली. विजा चमकत होत्या म्हणावं, तर वीज सांगितल्यावर खाली येत नाही. भीतीने मन खेळ करतं म्हणावं, तर मनाच्या खेळात अशी वार निघत नाही. बोटांना दिसल्याशिवाय मला ते जमलं नसतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

हिवाळ्यात कमली लेकीला घेऊन आमच्या हेल्थ सेंटरवर आली. अंगावर थोडं मांस आलेलं, पोरगी गुटगुटीत. तिच्या हाताला लस टोचता टोचता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या दिवशी रामू गेल्यावरचं तुला काय आठवतं गं? कंदील कोणी धरला होता?

कंदिलाचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. सासूला ती याडी म्हणायची, म्हणजे आई, पण त्या दिवसापर्यंत सासू तिच्याशी धड बोललीही नव्हती म्हणे.

"मले फक्त याडीचं तोंड दिसे," कमली म्हणाली. "माह्यावर वाकली होती. तिच्या डोयातून पाणी गळून राह्यलं होतं, चमचम करे. मले वाटलं, ही माह्यासाठी रडते, त मरून कसं चालीन?"

एवढं सांगून ती पोरीला कडेवर घेऊन बाहेर गेली. बाहेर सोनाबाई थांबली होती.

मिट्ट काळोखात कुणाच्या डोळ्यांतलं पाणी दिसत नाही, एवढं मला कळतं. त्यापुढचं मला तेव्हा कळलं नाही, आणि आताही कळत नाही.