पूजेआधीची गोळी

लिंगपूजा झाल्याशिवाय आप्पा अन्नाला शिवत नसत. आंघोळ, कपाळाला भस्म, मग गळ्यातली चांदीची चौकी उघडून इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि त्याच्याकडे एकटक बघत बसायचं. तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलंच तर आई सांगायची, "पूजेला बसलेत, थांबा जरा." लोक थांबायचे. वडवणीत तेव्हा घाई कुणालाच नव्हती.

पुढे आप्पांना साखरेचा आजार निघाला. बीडच्या डॉक्टरांनी सकाळची एक गोळी लावून दिली आणि बजावलं, गोळी घेतली की जेवायला उशीर करायचा नाही, साखर एकदम उतरते. औषध म्हणजे काही अन्न नव्हे, असा आप्पांनी आपला निकाल लावला. आंघोळ झाली की गोळी, मग पूजा, मग भाकरी. असं चालू होतं तोवर काही बिघडलं नाही.

बिघडलं कॉम्प्युटर आल्यावर. आमचं भुसार मालाचं आडत दुकान, त्याच्या मागे घर. तुरीचे, हरभऱ्याचे भाव आता इंटरनेटवर हलताना दिसतात, असं कुणा व्यापाऱ्याने आप्पांच्या कानात घातलं आणि दुकानातल्या गादीशेजारी तो डबा येऊन बसला. फोनच्या तारेवरून किंचाळत, खरखरत जोडला जायचा. मध्ये कुणी फोन उचलला की तुटायचा, म्हणून आम्ही फोनला हात लावायचा नाही. बाजार उघडला की भाव हलायला लागत आणि थोड्या वेळाने लोडशेडिंगची लाईट जाई. तेवढ्या वेळात आप्पांना सगळं बघून घ्यायचं असे. गोळी घेतली की ते पूजेऐवजी तिथेच बसू लागले.

"आधी पूजा करून घ्या की," आई म्हणायची.

"आगं, शिवाला लाईट लागत न्हाई, ह्याला लागती. येवढं बघून उठतो."

गंमत म्हणजे ते त्यावर घेत काही नव्हते आणि विकतही काही नव्हते. आमचा माल पूर्वीसारखाच मोंढ्याच्या धान्यबाजारात जात होता. नुसतं बघायचं. मी म्हणायचे, "आप्पा, तुमी बघितल्यानं तूर वाढत न्हाई." ते हसायचे, पण नजर काही हलायची नाही. आता माझ्याच हातात दिवसभर फोन असतो, त्यामुळे ते दुखणं मला चांगलं कळतं. तेव्हा नुसता संताप यायचा. आई त्यांच्या आधी जेवत नसे, म्हणजे तीही उपाशी. रोज थोडा थोडा उशीर वाढत होता आणि आज तरी आई कडाडून बोलेल म्हणून मी वाट बघत होते.

एके दिवशी लाईट गेलीच नाही. आप्पांना उठवायचं काम इतके दिवस जाणारी लाईटच करत होती, हे तेव्हा ध्यानात आलं. भाकरी गार झाली. मी दोनदा हाक मारली, "हं" आलं. पुढच्या हाकेला तेही आलं नाही, म्हणून तणतणत दुकानात गेले. त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. हात थरथरत होते. "आप्पा?" म्हटलं, तर माझ्याकडे बघून म्हणाले, "कोण हाय बे?" घरातल्या बाईमाणसाला त्यांनी असा शब्द जन्मात काढला नव्हता. मी आत धावले.

पाण्यात साखर ढवळून ग्लास त्यांच्या तोंडाला लावला. त्यांनी दात गच्च आवळले.

"पूजा न्हाई झाली."

लेकीला न ओळखणारा माणूस नेम विसरला नव्हता. मी ओरडले, हातापाया पडले, पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं. त्यांची मान कलायला लागली. डॉक्टरांना बोलवावं तर फोन त्या डब्यात अडकलेला, तो तोडायचंही सुचेना. तेवढ्यात आई धावत आली.

दुसऱ्याच्या इष्टलिंगाला कुणी हात लावत नाही, बायकोही नाही. आईने एकदा माझ्याकडे बघितलं आणि आप्पांच्या गळ्यातली चौकी उघडली. लिंग त्यांच्या तळहातावर ठेवलं, हात हलत होता म्हणून खालून आपल्या हाताचा आधार दिला. ग्लासातला थेंब बोटाने त्यावर सोडला, ओम नमः शिवाय म्हटलं आणि तोच ग्लास नैवेद्य म्हणून दाखवला.

"झाली पूजा. ह्यो परसाद हाय. परसादाला न्हाई म्हनू नका."

आप्पांनी तोंड उघडलं.

घोटघोट करत ग्लास संपला. मग आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. किती वेळ गेला कोण जाणे. घाम ओसरला, नजर ठिकाणावर आली. मला हायसं वाटतंय तोच ते म्हणाले, "लाईन तुटली का गं?"

मी तार उपटायलाच उठले. आईने माझं मनगट धरलं. "तू न्हाई. त्येंचं त्येंना करू दे." तिचा आवाज शांत होता, पण बोटं रुतत होती.

दुसऱ्या दिवसापासून गोळ्यांचं पाकीट आईच्या कनवटीला गेलं. गोळी भाकरीच्या ताटासोबतच मिळणार होती. आप्पा पूजेला बसले. कॉम्प्युटर बंद होता. थोड्या वेळाने त्यांनी आईला हाक मारली, इतक्या लहान आवाजात की मीही उठून आले.

"आगं, जमत न्हाई. लिंग हातात हाय आन् डोळ्यापुढं तूरच हलती. इतकी वर्सं बसतोय, आसं कधी झालं न्हाई."

आई त्यांच्या पूजेत कधी बसत नसे. ती पदर सावरून समोर बसली.

"मग बसून ऱ्हावा. आज न्हाई गेली तर उद्या बसू."

दुकानात कुणीतरी हाका मारत होतं. आम्ही उठलो नाही. गोळी अजून पोटात गेली नव्हती, त्यामुळे जेवायला उशीर झाला तरी भ्यायचं कारण नव्हतं. तरी आप्पा भ्याले होते. त्यांच्या तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं, आणि आई तिथून हलत नव्हती.