ताई झाडत नव्हती

मंगळवारी दुपारी कुसुमताई गेली. मी तेव्हा भंडाऱ्याला तिच्याच घरी, पुढच्या खोलीत वाचत बसलो होतो. मागच्या खोलीतून चेंडूचा आवाज येत होता, तो थांबला. पाणी प्यायला उठली असेल असं मला वाटलं. पुन्हा आवाज आला नाही, तेव्हा मी पुस्तक ठेवून मागे गेलो. ती हिरव्या गालिच्यावर पडली होती. शेजारचे डॉक्टर आले आणि त्यांनी सांगितलं.

दुकानातून भाऊजी धावत आले. तिच्याजवळ बसले, तिचा हात हातात घेतला आणि मोठ्याने रडले. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी इथे मुद्दाम लिहितो. रडता रडता त्यांचं लक्ष ताईच्या डाव्या हाताकडे गेलं. त्या हातात पांढरा चामडी मोजा होता, गोल्फ खेळताना घालतात तसा. भाऊजींनी तो एकेका बोटावरून ओढून काढला आणि खिशात कोंबला. मग बाजूला पडलेली काठी उचलून कोपऱ्यात काठ्या ठेवायच्या घडवंचीत उभी केली.

"कायले काढता?" मी विचारलं.

"लोकं येतील आता."

"येऊ द्या ना. खेळत होती ती."

"झाडत होती म्हणा, प्रकाशराव. बरं दिसते."

ग्रंथपालाच्या नोकरीत शब्द जपून वापरायची सवय लागते. 'किळस' हा शब्द मी आजवर क्वचितच वापरला असेल. त्या क्षणी मात्र दुसरा शब्द सुचला नाही. तो नंतरही सुचलेला नाही.

ताई माझ्याहून मोठी. आमचं घर पवनीचं. लग्न होऊन ती भंडाऱ्याला कापडाच्या व्यापारात असलेल्या घरी गेली आणि तिने निवृत्त होईपर्यंत मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. भूमिती तिच्या विशेष आवडीची. वर्तुळ काढताना ती खडू मोडू देत नसे, असं तिच्या विद्यार्थिनी अजून सांगतात. भाऊजींना गोल्फचा नाद लागला तो नागपूरच्या एका व्यापारी मित्रामुळे. त्याने दोनचारदा मैदानावर नेलं, आणि भाऊजी परत आले ते वेगळेच होऊन. भंडाऱ्यात मैदान कुठलं? मग कळलं की हा खेळ घरातही खेळता येतो. समोर जाड पडदा लावायचा, त्यावर छतावरच्या यंत्रातून मैदानाचं चित्र पाडायचं. खरा चेंडू खऱ्या काठीने पडद्यावर मारायचा. जमिनीवर ठेवलेली एक डबी चेंडूचा वेग आणि दिशा मोजते, आणि पडद्याला लागून चेंडू खाली पडला तरी चित्रातला चेंडू पुढे उडत जातो, गवतावर पडतो, कधी तळ्यात जातो. भाऊजींनी नातेवाइकांना हे इतक्यांदा समजावून सांगितलं की आम्हाला पाठ झालं.

सामान नागपूरहून आलं आणि भाऊजींनी ते वरच्या हॉलमध्ये बसवून घेतलं. कुणाला काही विचारलं नाही. उद्घाटनाला नारळ फोडला, पेढे वाटले, भाऊजींनी काठी मागे नेली, आणि काठीचं टोक थेट पंख्याच्या पात्यात गेलं. पातं वाकलं, चुना खाली पडला, पेढ्यांचं ताट पांढरं झालं. ताई जिन्यात उभी राहून पदरात तोंड लपवून हसत होती. "अहो, माणूस मोजला, पण हात वर गेल्यावरचा माणूस कोणी मोजला?" ती म्हणाली. भाऊजी चिडले. "तुले लय समजते तर तूच कर मग!"

तिने केलं. घराच्या मागे मागाची जुनी खोली होती. भाऊजींचे वडील तिथे खड्ड्यात पाय सोडून विणत बसायचे. माग केव्हाच गेले होते, खोलीत पोती आणि उंदीर होते. पण छप्पर उंच होतं. ताईने खोली रिकामी करवली, खड्डा भरून घेतला, आणि मग एका सकाळी भाऊजींना अंगणात भिंतीला लागून उभं केलं. काठीच्या टोकाला तिने दोऱ्याने खडू बांधला होता. "हळू फिरवा. भिंतीले खडू लागला पाहिजे." भिंतीवर पांढरी कमान उमटली. त्या कमानीची उंची ताईने मोजली, मागे किती जागा लागते ते मोजलं, आणि मग स्वतः काठी घेऊन दुसरी कमान काढली. "तुमची कशाला?" भाऊजी म्हणाले. "पडताळा," ती म्हणाली. दोन्ही कमानी बरेच दिवस त्या भिंतीवर होत्या. शेजारच्या बायका ताईला विचारत, वैशूच्या आई, ही कोणती रांगोळी म्हणायची?

पहिल्यांदा पडदा ढोलाच्या कातड्यासारखा ताणून बांधला होता. भाऊजींनी मारलेला चेंडू आल्या वाटेने परत आला आणि त्यांच्या गुडघ्यावर बसला. ताईने पडदा सैल केला, त्याच्या मागे हात शिरेल एवढी पोकळी सोडली आणि भिंतीवर आईची जुनी वाकळ टांगली. मग चेंडू पडद्याला लागून मुकाट्याने खाली पडू लागला. चित्र स्वच्छ दिसावं म्हणून भिंतींना काळा रंग दिला. मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा घुसमटलो. रबराचा, रंगाचा, बंद हवेचा वास. समोर मात्र कुठल्यातरी परक्या देशातलं हिरवंगार गवत. मला ते आवडलं नाही, आणि मी ताईला तसं सांगितलं. ती डबी कुठे ठेवायची याच्या रेघा जमिनीवर आखत होती. मान वर न करता म्हणाली, "तू पुस्तकात जाते तेव्हा मी काही म्हणतो काय?" आमच्याकडे बाया 'म्हणतो'च म्हणतात. शाळेतून घरी आली की ताईची भाषाही घरची होई.

डबी बरोबर मोजते की नाही हे पाहायला कुणीतरी चेंडू मारायला हवा होता. भाऊजी दिवसभर दुकानात. म्हणून ताईने पदर खोचला आणि मारला. मोज्याचीही तीच गत. भाऊजींनी मागवलेला मोजा त्यांच्या पंजात शिरेना, तो ताईला बसला. "एकाच हाताचा कसा गं? दुसरा कुठं हरवला?" मी विचारलं. "खेळच एका हाताच्या मोज्याचा आहे, पक्या. वाचत नाही काय तू कुठं?" मग ती रोज दुपारी, चपला दाराशी काढून, अनवाणी, त्या गालिच्यावर उभी राहू लागली. भाऊजींना हे माहीत होतं. घरात त्यांनी कधी अडवलं नाही. पण ते घरातच राहायला हवं होतं.

रविवारी नागपूरहून आणि गावातून त्यांची मित्रमंडळी येत. मी काही रविवार पाहिले आहेत. खर्ऱ्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या, पन्न्या तळहातावर घोटत ही माणसं आत येत, आणि तोंडातला लाल रस कागदी कपात, कप नसला तर गालिच्याच्या कडेला थुंकत. मटणाचे हात काठ्यांना पुसत. पडद्यावर तळं आलं की आचरट विनोद होत. भाऊजी प्रत्येकाला सांगत, "पूरी खोली म्या डिझाइन केली. इंजिनियरले जमलं नाही." ताई दारातून ताटं आत देत असे. एका रविवारी एका पाहुण्याचा चेंडू सारखा उजवीकडे जात होता. तो यंत्राला शिव्या देऊ लागला. ताटं हातात धरूनच ताई म्हणाली, "तुमचा डावा खांदा लवकर फिरते." सगळे तिच्याकडे वळले. मग भाऊजी हसले. "मास्तरीण रिटायर झाली, पण सवय गेली नाही!" मग सगळेच हसले. ताईने ताटं खाली ठेवली. "एक मारू काय मी?" तिने विचारलं. अगदी सरळ, एखादी मुलगी वर्गात हात वर करते तसं. भाऊजींनी पाहुण्यांकडे पाहिलं. "तू? साडीत पाय अडकून पडशील. पोहे पाहा, वैशूची आई, पोहे."

ती स्वयंपाकघरात गेली. तिने पोहे आणले.

दुसऱ्या दिवशी ती त्या खोलीत गुडघ्यावर बसून गालिच्याची कड घासत होती. लाल डाग निघत नव्हता. मला पाहवेना. "काहून करतेस हे? त्यायले सांग ना साफ कराले." ती थांबली, हाताच्या मागच्या बाजूने कपाळ पुसलं. "खोली माही आहे, पक्या. घाण तेवढी त्यायची." आणि पुन्हा घासू लागली. म्हणजे ती तिथे झाडत होती, पुसत होती, हे खरंच. दर सोमवारी. ती गेली तो सोमवार नव्हता.

भाऊजींनी दारात सांगितलेलं एक वाक्य संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. वैनगंगेत अस्थी सोडून परत येताना एक गृहस्थ मला म्हणाले, "भाग्यवान बाई. झाडता झाडता गेली." तेरवीला मंडपात माईक होता. ताईच्या शाळेतल्या एक बाई बोलल्या, त्या गणिताबद्दल बोलल्या, बरं वाटलं. त्यानंतर समाजाचे एक कार्यकर्ते उठले आणि शेवटच्या श्वासापर्यंत तिच्या हातात झाडू होता, अशी गृहलक्ष्मी आता होणे नाही, असं म्हणाले. पुढे बसलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. भाऊजींनी मान खाली घातली. त्यांना ते खरं वाटू लागलं होतं, असं मला त्यांच्याकडे पाहून वाटलं… समोरच्या पानावर बुंदी होती. मी पान तसंच ठेवून उठलो.

वैशू, ताईची मुलगी, पुण्याला असते. ती माझ्या मागोमाग अंगणात आली.

"मामा, आई खरंच झाडत होती?"

"नाही. खेळत होती. मोजा होता हातात."

ती सरळ मंडपात गेली आणि वडिलांसमोर उभी राहिली. "बाबा, आईचा मोजा कुठं आहे?" भाऊजी गोंधळले. "कोणता मोजा?… कचऱ्यात गेला असन." मग ते माझ्याकडे वळले. आवाज खाली आणून म्हणाले, "प्रकाशराव, गेलेल्या बाईची शोभा कायले करता?"

"शोभा तुम्ही केली," मी म्हटलं. "तिच्या हातात तुम्ही झाडू दिला."

"मंग काय सांगू लोकायले? साठीची बाई काठ्या फिरवत होती म्हणू?"

"हो," वैशू म्हणाली. "तसंच म्हणा."

त्यांनी म्हटलं नाही. पानं उठली, माणसं पांगली. पुढे माझ्या घरी श्रद्धांजलीचं एक छापील पत्रक आलं, त्यातही झाडू होता. म्हणून हे लिहितो आहे. ज्यांनी तो मंडप पाहिला, जे रडले, त्यांच्यापैकी कुणी वाचत असतील तर त्यांना कळावं. कुसुमताईला त्या खोलीतलं एकच हवं होतं, माणसांसमोर एकदा चेंडू मारायचा. ते तिला मिळालं नाही. निदान मेल्यावर तरी तिच्या हातातलं काढून घेऊ नये.

तेरवीच्या संध्याकाळी, पुण्याची गाडी धरण्याआधी, वैशूला खोली पाहायची होती. आम्ही दोघं मागे गेलो. यंत्र बंद होतं, गवत नव्हतं, तळं नव्हतं. साधा दिवा लावला. एरवी पडद्यावर चित्र असतं, म्हणून कोरा पडदा मी कधी नीट पाहिला नव्हता. त्यावर चेंडूंचे करडे डाग होते. वर, खाली, काठाला, एक तर पार भिंतीच्या काळ्या रंगावर… रविवारच्या माणसांचे. आणि बरोबर मध्ये, जरा खालच्या अंगाला, वाटीएवढ्या जागेत कापड झिजून गुळगुळीत झालं होतं. दुपारमागून दुपार चेंडू तिथेच लागला होता. वैशूने त्यावर तळहात ठेवला. ती जागा तळहाताखाली पुरती झाकली गेली.

रविवारची मंडळी पुन्हा येऊ लागली आहेत, असं ऐकतो. मी त्या घरी जात नाही. डागांमुळे चित्र खराब दिसतं, म्हणून भाऊजींना पडदा बदलायचा आहे. अजून बदललेला नाही.