कटाची आमटी फुकट

पिपलानीत आमच्या कारखान्याच्या क्वार्टरांच्या रांगेत दर शनिवारी पुरणपोळ्या देणारी एक बाई यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. आदल्या दिवशी ती सगळ्या गिऱ्हाइकांना ईमेल करायची, ‘पुरणपोळी हवी का? कटाची आमटी फुकट.’ ज्याचं उत्तर येईल, त्याच्याच पोळ्या ती करायची.

एका शनिवारी ती रिकाम्या हातांनी दारात उभी राहिली. “भाऊ, कोणाचंच उत्तर नाही आलं. माझी पोळी बिघडली का?”

मी फोन पाहिला. तिचा मेल स्पॅममध्ये, लॉटरीवाल्यांच्या शेजारी पडला होता. मी कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातला, म्हणून समजावलं, “तो ‘फुकट’ शब्द काढून टाका. ठग तोच लिहितात, म्हणून मशीन अडवतं.”

तिनं पदर कमरेला खोचला.

“पुरणाच्या डाळीचं काढलेलं पाणी आहे ते. त्याचे पैसे मी कसे घेऊ? आणि ठग खोटं लिहितात म्हणून मी खरं लिहायचं सोडू? काढा तो फोन.”

समोर उभी राहून तिनं माझ्याकडून ‘स्पॅम नाही’ दाबून घेतलं, वर उत्तरही पाठवायला लावलं. मग शेजारची बेल वाजवली. त्या दुपारी तिनं रांगेतलं एकही दार सोडलं नाही.

आता मी अरेरा कॉलोनीत राहतो. तिचा मेल अजून दर शुक्रवारी येतो, थेट इनबॉक्समध्ये. ‘फुकट’ तिनं काढलेलं नाही. हल्ली ती ते दोनदा लिहिते.