पातेल्यावरचं नाव

परवा आईसोबत आमच्या जबलपूरच्या घमापुर भागात जुनं पितळी पातेलं पॉलिश करायला गेले आणि तिथे माझीच चोरी पकडली गेली...

झालं असं, आमच्या छोट्याशा सॉफ्टवेअर कंपनीत वेब सर्व्हिससाठी तीन टूलकिट, म्हणजे तयार कोडचे संच, तपासून एक निवडायचं काम माझ्याकडे होतं. गिऱ्हाइकाच्या दुकानातली ऑर्डर आपोआप कुरिअरवाल्यांच्या सिस्टिममध्ये पोचावी, एवढंच मागणं. पहिलं टूलकिट दिसायला देखणं पण नखरेल, दुसरं अगडबंब... तिसरं साधंसुधं, पण पहिल्याच दिवशी चाललं.

त्यात एक भाग कमी होता. तो कुणा अनोळखी माणसानं लिहून इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवला होता, तो मी घेतला. अट एकच... फाइलच्या वरच्या चार ओळींत त्याचं नाव राहू द्यायचं.

मी कोड ‘साफ’ करताना नेमक्या त्याच ओळी उडवल्या. सरांना वाटलं, सगळं मीच लिहिलं. तोंडभरून कौतुक केलं, टीम लीड करायचं म्हणाले... आणि मी गप्प बसले. खरं सांगते, गोड वाटत होतं.

तर पॉलिशवाल्या भैयांनी विचारलं, “दीदी, नाम भी घिस दूँ?” पातेल्यावर शालूमावशीचं नाव कोरलेलं आहे, आईच्या लग्नातली भेट. नवं दिसेल म्हणून मी लगेच हो म्हटलं.

आईनं पातेलं ओढूनच घेतलं. “नाव काहून घासायला लावून राहिली तू? पातेलं आपलं झालं, पण दिलं तर शालूनंच ना.”

बस्स. घरी येईपर्यंत डोक्यात त्या उडवलेल्या चार ओळीच घोळत होत्या...

सोमवारी आधी त्या चार ओळी परत टाकल्या. मग मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं की निवड माझी, जोडणी माझी, पण हा भाग त्या अनोळखी माणसाचा. नाव मी काढलं होतं, हेही सांगितलं. सर जरा खट्टू झाले. टीम लीडचं सध्या ‘बघू’वर आहे.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. रागावेल वाटलं होतं... तिनं फक्त विचारलं, कुठला आहे गं तो? मी म्हटलं, काहीच माहीत नाही, नाव आणि मेलचा पत्ता तेवढा ठाऊक आहे.

“अच्छा, मग लिही त्याला. कधी जबलपूरला आला तर जेवूनच जा म्हणावं.”

लिहिलं मी. धन्यवाद, माफी आणि आईचं आमंत्रण... तिन्ही एकाच मेलमध्ये. तो आला तर वरण शालूमावशीच्याच पातेल्यात होईल.