पत्र्यातला कन्सोल

कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा खोका. जगभर तो प्लॅस्टिकचा असतो. आमचा मात्र लोखंडी पत्र्याचा होता, कारण आमचे मालक कळंबोलीच्या लोखंड बाजारातले. आता यावर हसायचं की रडायचं, ते तुम्हीच ठरवा. माझं दोन्ही करून झालंय.

मी पनवेलची. महापेला एका कंपनीत बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहायचे. पगार चांगला, बस दारात. ते सोडून मी या माणसाकडे गेले तेव्हा घरच्यांनी मला वेड्यात काढलं. मालकांची शेती विमानतळात गेली होती. पहिल्याच भेटीत ते मला म्हणाले, "मॅडम, लोक बोलतात आगऱ्यांना नुस्ती जमीन इकता येते. मला कायतरी बनवून दाखवायचंय." बास, या एका वाक्याला मी भुलले. बनवायचं तर मलाही होतं. बँकांचे हप्ते मोजणारे प्रोग्राम लिहून मी कंटाळले होते.

बाजार सगळा परदेशी कंपन्यांच्या मुठीत. त्यात आम्ही कोण? दुकानदार पहिला प्रश्न विचारायचा, "यावर तो फुटबॉलचा गेम चालतो का?" नाही चालत. गेम बनवणारे म्हणायचे, आधी तुमचा खोका खपू दे, मग बघू. आणि गिऱ्हाईक म्हणायचं, गेमच नाहीत तर खोका कशाला घेऊ? शेवटी गेमही मीच लिहायला बसले. मोरा जेट्टीवरून होडी सुटते आणि खडक चुकवत, लाटा कापत मुंबईला पोचते, असा एक गेम केला. माझ्या कॉम्प्युटरवर जो जो खेळला, त्याला आवडला. खोटं कशाला बोलू, मलाही आवडला.

पण तो पत्रा! हातात धरायचा कंट्रोलर वायरलेस, आणि सिग्नल पकडणारा भाग पत्र्याच्या आत. लिफ्टचं दार लागलं की फोन तुटतो ना, तसंच. बटण आत्ता दाबा, होडी वळणार मग कधीतरी. मी मालकांना सांगितलं, दादा, प्लॅस्टिक करू या. तर ते खोक्यावर बोटांनी टकटक करायचे. "वाजवून बघा, मॅडम. प्लॅस्टिकला असा आवाज हाय का? तुमच्या नातवंडांना पुरंल हा." मी म्हणायचे, अहो, नातवंडांचं राहू द्या, आपल्याला दिवाळी गाठायचीय! पालथ्या घड्यावर पाणी. मी वैतागून घरी यायचे आणि नवऱ्यावर ओरडायचे.

शेवटी मीच पत्रा कापणाऱ्या फॅब्रिकेटरकडे गेले आणि खोक्याच्या पाठीला तळहाताएवढी खिडकी कापून घेतली. त्यावर काळं प्लॅस्टिक बसवलं, म्हणजे सिग्नल आत जाईल. होडी बोटासरशी वळायला लागली. मालकांना दाखवलं, त्यांनी मान डोलावली, म्हणाले, "बरं झालं." मला वाटलं, सुटले एकदाची.

त्याच आठवड्यात मुंबईच्या एका मोठ्या दुकानसाखळीचे खरेदी अधिकारी आमचा कन्सोल बघायला येणार होते. त्यांनी दिवाळीआधी दुकानात एक फळी जरी दिली असती तरी आमची कंपनी तगली असती. नाही दिली, तर शटर ओढायचं, हे मालकांनी स्वतः मला सांगितलं होतं. त्यांच्या हातात आणखी वर्षभर ओढायची ताकद उरली नव्हती.

साहेब आले. नारळ फुटला, चहा झाला, बाहेर ट्रेलरांची घरघर चालूच. साहेबांनी कंट्रोलर हातात घेतला आणि माझी होडी सुरू केली. डावीकडे वळवली, ती सरळ खडकावर. पुन्हा सुरू केली, पुन्हा खडकावर. "स्लो आहे," ते म्हणाले. माझ्या कानांतून वाफा निघायच्या बाकी होत्या. मी धावत टीव्हीमागे गेले आणि खोका फिरवून पाहिला.

खिडकी गायब! तिच्यावर चार स्क्रूंनी घट्ट बसवलेली स्टीलची जाड पाटी. पाटीवर एकवीरा आई कोरलेली, खाली कंपनीचं नाव.

"दादा, हे काय?"

"काल संध्याकाळी बसवून घेतली," ते खुललेल्या चेहऱ्याने म्हणाले. "ते भोक बरं दिसत नवतं. शुभ काम, आईचं नाव नको?"

"काढा ती. आत्ताच्या आत्ता."

"आईला काढू?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आज? पावण्यासमोर?"

ते काही हलेनात. मी मनातल्या मनात आईची माफी मागितली आणि स्क्रूड्रायव्हर शोधायला लागले. लोखंड बाजारातलं ऑफिस, पण वेळेला स्क्रूड्रायव्हर मिळेल तर शपथ! मिळाला तोवर साहेब फोनमध्ये डोकं घालून बसलेले. तिसरा स्क्रू निघत होता तेव्हा ते उठले. वाशीच्या पुलावर ट्रॅफिक लागेल म्हणाले. जाता जाता खोका थोपटला. "मजबूत आहे हं. पण इतकं स्लो खेळणाऱ्यांना चालत नाही. पुढच्या वर्षी बघू."

"सर, एकच मिनिट! झालंच आहे, आता चालेल!"

"मॅडम, गिऱ्हाईक स्क्रूड्रायव्हर घेऊन खेळायला बसत नाही," असं म्हणून ते गेले.

मग मात्र माझा तोल सुटला. मी मालकांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वयाचा मान ठेवला नाही, ऑफिसचं भान ठेवलं नाही. इतके महिने घसा फोडून सांगतेय, तुमच्या कानात ओतायचं काय, शिसं? असलं बरंच. बोलता बोलता मी चौथा स्क्रूही काढला, तर मालक ती सुटलेली पाटी मांडीवर घेऊन रुमालाने पुसत बसले. ते बघून मला आणखीच संताप आला.

माझं बोलून संपलं. मग त्यांनी टेबलावरचा कंट्रोलर उचलला. उलटा धरला. "कसा धरतात हा?" त्यांनी विचारलं.

मी तो सरळ करून त्यांच्या हातात दिला, अंगठे कुठे ठेवायचे ते दाखवलं. त्यांनी बटण दाबलं. होडी जेट्टीवरून सुटली. डावीकडे म्हटलं की डावीकडे, उजवीकडे म्हटलं की उजवीकडे. पहिला खडक चुकला, दुसरा चुकला. ते पुढे सरकून बसले, लाट आली की खांदे वाकवत होते.

"मगाशी अशी चालत नवती?"

"नाही, दादा. पाटीमुळे सिग्नल अडत होता."

"हे बोलत होता तुमी?" त्यांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "मला वाटायचं, तुमाला पत्र्याचा रंग आवडत नाय. मी कवा हातात घेतलाच नाय हा. म्हटलं, पोरांचं काम."

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. होडी खडकांतून बाहेर निघाली, समोर मुंबईचा किनारा दिसायला लागला. त्यांनी कंट्रोलर अलगद टेबलावर ठेवला.

"मॅडम, तो साहेब अजून खारघरच्या पुढं नसंल गेला," ते म्हणाले. "फोन लावून बघा ना. म्हणावं, आता चालतंय."

मी लावला. साहेबांनी कट केला. मालक माझ्या तोंडाकडे बघत होते, म्हणून मी पुन्हा लावला.