वानखडे मॅडमचं लॉगिन

नियतकालिक विभागात एसी बसला, त्याबरोबर काचेचं दार आलं, आणि ते दार आपोआप मिटणारं होतं. भागीरथा वानखडेने पहिल्याच सकाळी त्याच्या बुडाशी वीट लावली. जुन्या लाकडी दाराला लावायची तीच वीट. प्राचार्य गावंडे म्हणाले, मॅडम, थंडावा बाहेर जातो. ती म्हणाली, सर, माणसं आत येतात.

अकोल्याच्या त्या कॉलेजात ती लागली तेव्हा हा विभाग म्हणजे पोस्टमनची पिशवी होती. गठ्ठ्याची सुतळी कापायची, अंकावर शिक्का मारायचा, नवा अंक उतरत्या फळीवर मांडायचा आणि जुना फळीमागच्या कप्प्यात सरकवायचा. एखादा अंक आला नाही की प्रकाशकाला पत्र, मग दुसरं, मग खरमरीत तिसरं. घरी पाणी घातलेल्या दुधाबद्दल दूधवाल्याशी भांडायचं कामही तिच्याचकडे होतं, आणि तिला या दोन कामांत फारसा फरक वाटत नसे.

तिचा एक रिवाज होता. पुस्तक घरी न्यायचं तर कार्ड लागे, पण फळीवरचं काही बसून वाचणाऱ्याला ती काहीच विचारत नसे. त्यामुळे कॉलेजशी संबंध नसलेली माणसंही येत. हिवरखेडचे देवमन गुरुजी निवृत्तीनंतर सापांच्या मागे लागले होते. ते बाजारच्या दिवशी येऊन सापांवरचं संशोधन वाचत. तेल्हाऱ्याची नर्स मैना जिल्ह्याच्या मीटिंगला आली की उरलेला वेळ इथे काढी आणि बाळंतिणींच्या अंगातलं रक्त का कमी होतं ते वाचे.

हा रिवाज का, ते भागीरथेने कोणाला सांगितलं नव्हतं. तिचा बाप कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होता. त्याला अक्षर येत नव्हतं, पण लेकीला घेऊन तो एकदा गावातल्या एका वाचनालयात गेला. दारातल्या माणसाने विचारलं, सभासद आहात का? बाप चपला हातात धरून बाहेरच उभा राहिला. आत लोक वर्तमानपत्र चाळत होते, आणि त्यांतल्या कोणाला हा प्रश्न विचारलेला तिने पाहिला नाही.

मग पोस्टमनची पिशवी हळूहळू हलकी झाली आणि एका वर्षी बंदच पडली. पुष्कळ कॉलेजांनी मिळून एक योजना घेतली होती. आता जर्नलं तारेतून येणार, कागदावर नाही. फळ्या निघाल्या, त्या जागी दोन संगणक आले आणि प्रत्येक प्राध्यापकाला आपलं आपलं लॉगिन मिळालं. पूर्वी अकोल्यात बसून ज्यांची नावंही कळत नसत अशी हजारो जर्नलं एका बोटावर आली. भागीरथेला ते आवडलं. सुतळीचं तिला काही दुःख नव्हतं. पण वाचायला कोणी बसेना. प्राध्यापक लोक यायचे ते, मॅडम, माझा पासवर्ड काय होता, एवढं विचारायला. घरी बायकोला बनियन कुठे ठेवलं विचारावं, तसं.

आणि बाहेरच्यांना यंत्र दारातच अडवू लागलं. तिने जे कधी विचारलं नव्हतं, तेच ते पहिल्यांदा विचारी.

तशात मूर्तिजापूरची पायल तायडे एका उन्हाळ्यात विटेजवळ येऊन उभी राहिली. ती कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवायची. तिची नेमणूक दर वर्षी परीक्षेबरोबर संपे आणि पावसाळ्यात कधीतरी पुन्हा होई. नेमणूक संपली त्याच दिवशी लॉगिनही संपलं होतं. गावतळ्यातल्या माशांवरचा तिचा प्रबंध मात्र सुट्टीत थांबणारा नव्हता. ती म्हणाली, मॅडम, मी आता मेंबर नाही.

भागीरथेने खुर्ची ओढली, स्वतःचं नाव आणि पासवर्ड टाकला आणि म्हणाली, "बस."

दुसऱ्या दिवसापासून तोच क्रम झाला. सकाळी विटेने दार उघडं करायचं, एसीऐवजी पंखा लावायचा आणि दोन्ही संगणकांवर स्वतःचं लॉगिन उघडायचं. संध्याकाळी सगळं बंद. जो येईल तो बसे. गुरुजी परत आले, मैना परत आली. गुरुजींनी दोन बोटांनी टंकायला शिकून घेतलं.

मुलगा अनुप पुण्यात असल्याच नेटवर्कच्या कंपनीत होता. त्याने फोनवर बजावलं की आई, कोणत्या नावाने कोण काय उघडतं याची सगळी नोंद राहते, एक दिवस पकडली जाशील. ती म्हणाली, होऊ दे की नोंद, मी काय चोरून करून राहिली? नवरा धर्मेंद्र वीज मंडळातून निवृत्त झालेला. त्याचं म्हणणं एवढंच की पेन्शन जवळ आली की माणसाने सायकलसुद्धा कडेने चालवावी.

पुढच्या उन्हाळ्यात, पायलची नेमणूक पुन्हा संपलेली असताना, दिवाळीनंतर कॉलेजच्या मूल्यांकनाला समिती येणार असं ठरलं. योजनेचा वर्षाचा अहवाल आला होता. जर्नलांचा वापर कितीतरी पट वाढला, असं प्राचार्यांनी सभेत अभिमानाने वाचलं. मग पान उलटलं आणि त्यांना नावं दिसली. प्राध्यापकांच्या नावांपुढे जवळजवळ काही नव्हतं. जे काही होतं ते सारं वानखडे मॅडमच्या नावापुढे. एका बाईने वर्षभर मासे, साप आणि बाळंतिणी वाचल्या होत्या. कोणीतरी हसलं. गावंडे सरांनी कागद घडी करून खिशात घातला.

केबिनमध्ये ते रागावले नाहीत. माणूस वाईट नव्हता, फक्त समितीला भीत होता. त्यांनी चहा मागवला आणि समजुतीने सांगितलं की बाहेरची माणसं आता पुरे, नियमात बसत नाही. पायलचं मात्र आपण पाहू.

"ती आपलीच पोरगी आहे. बसू द्या तिला, त्या मागच्या कोपऱ्यात. मी पाहिलं नाही असं समजा."

"कोपऱ्यात नाही सर."

"मॅडम, मी तुम्हाला वाट काढून देतो आहे."

"तुम्ही पाहा," भागीरथा म्हणाली. "पाहून द्या, नाही तर पाहून बंद करा. न पाहिल्यासारखं नका करू. लपून वाचायचं असतं तर माझा बाप मला घेऊन समोरच्या दाराला कशाला गेला असता?"

सरांना ते वाचनालयाचं माहीत नव्हतं. संध्याकाळी तिचं लॉगिन बंद झालं.

घरी ती मेथी निवडायला बसली. धर्मेंद्रने सगळं ऐकून घेतलं, टीव्हीचा आवाज कमी केला.

"तुले अपमान वाटला, ते ठीक," तो म्हणाला. "पण त्या पोरीचं काम तं होत होतं ना? तुह्या हट्टापायी तिचा प्रबंध काऊन बुडवतं?"

नवऱ्याचं बोलणं तोडायला भागीरथेला एरवी वेळ लागत नसे. या वेळी पानं सुपात टाकायची ती काड्यांत गेली आणि काड्या पानांत. पायलच्या नावाने नकार देऊन आली होती ती, पायलला न विचारता. तिने हात पदराला पुसले आणि फोन लावला. काय देऊ केलं होतं आणि आपण काय नाकारलं, ते काहीही न गाळता सांगितलं. पाहिजे असेल तर सकाळी सरांना भेट, ते तुला बसू देतील, मी मध्ये येणार नाही, असंही सांगितलं.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, पायलने गॅस बंद केला.

"मॅडम, स्टाफरूममध्ये आमी तासिकावाल्यांची खुर्ची दाराआडच असते," पायल म्हणाली. "दार उघडलं की पाय आत घ्या लागतात. आता आनखी एक कोपरा मले नको. मी उद्या येतो सकाळच्या गाडीनं, पन बसाले नाई."

भागीरथेने मेथी पुन्हा पहिल्यापासून निवडली.

सकाळी तिने वीट लावली, पंखा लावला आणि एका जाड पुठ्ठ्यावर मार्करने लिहून तो दोन संगणकांच्या मधोमध उभा केला: संगणक बंद आहेत. का, ते प्राचार्यांना विचारावे. केबिन पहिल्या मजल्यावर आहे.

पहिली गेली पायल. मागून, बाजारचा दिवस असल्याने, देवमन गुरुजी आले. पुठ्ठा दोनदा वाचून, धोतराचा सोगा सावरून तेही जिना चढले. मग मैना. मग स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी चार-पाच मुलं, ज्यांना असंही वर काय चाललंय ते पाहायचंच होतं. कोणी आवाज चढवला नाही. प्रत्येकाने फक्त विचारलं आणि उत्तर मिळेपर्यंत थांबलं.

तासाभराने शिपाई भगवंतराव खाली आला.

"मॅडम, साहेब खुर्च्या मागून राहिले. लोक उभे आहेत."

"ने की," भागीरथा म्हणाली. "इथल्याच ने, वाचायच्या टेबलाच्या. पाच वाजता परत पाहिजेत."

जेवणाच्या सुट्टीनंतर प्राचार्य स्वतःच आले, बरोबर संगणकाचा ऑपरेटर. वाचनकक्षाच्या नावाने एक वेगळं लॉगिन काढायचं, इथे येऊन बसेल त्याच्यासाठी. असं करता येतं हे ऑपरेटरला ठाऊक होतं. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

"समिती येऊन जाईपर्यंत," सर म्हणाले. "मग पाहू. आणि तो बोर्ड काढा."

"समिती गेल्यावर लॉगिन गेलं तर परत लावीन."

जाताना सरांचा बूट विटेला लागला. त्यांनी खाली पाहिलं, वीट सरकली होती ती पायानेच परत दाराशी लोटली आणि गेले. भागीरथेने पुठ्ठा उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहिलं: संगणक सुरू आहेत. कोणीही बसावे.

पाचला भगवंतरावने खुर्च्या आणून टेबलाला लावल्या. पायल तळ्यातल्या माशांत गढली होती, तिने मान वर केली नाही. एक खुर्ची कमी होती.

भागीरथेने विचारलं, ती कुठे आहे?

"वरच हाये," भगवंतराव म्हणाला. "गुरुजी बसले हायेत साहेबाच्या समोर, सापाची गोष्ट सांगून राहिले. साहेब खाली येऊन परत गेले, तरी साप काई बिळातून बाहेर आला नाई अजून."