हरणी दावणीला पाहिजे

राधाकिशनकाकांना भिणारे बैल आम्ही नेकनूरच्या बाजारात पुष्कळ पाहिले आहेत. काका ज्याला भितील असं जनावर मात्र अजून विकायला आलेलं नव्हतं. उधळलेला खोंड गर्दीत शिरला की लोक दुकानांच्या पायऱ्यांवर चढत आणि काका खाली उतरत. वेसण धरून त्याच्या कानात काय सांगत देव जाणे, खोंड शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून उभा राहायचा.

असा हा माणूस परवा बीडच्या एका खासगी दवाखान्यात, लोखंडी बाकावर, बायकोचा मोबाइल दोन्ही हातांत धरून बसला होता. नव्या बाळाला धरावं तसा, आपल्या हातून पडतो की काय अशा बेतानं. एवढ्यात मोबाइलमधली गाय हंबरली आणि काका दचकून उभेच राहिले.

"काय झालं? आतून बोलावलं का?"

"न्हाई काका," मी म्हणालो. शेजारी म्हणून गाडी घेऊन मी सोबत आलो होतो. "गाय भुकेजली तुमची."

काका पुन्हा बसले. कपाळावर घाम, आणि वर पंखा चालू.

या माणसाचा धंदा आधी सांगायला हवा. काका जनावरांचे दलाल. विकणारा आणि घेणारा यांच्या मधोमध उभं राहायचं, एकाचा हात रुमालाखाली धरायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, मग दुसऱ्याचा. बाजारभर माणसं असली तरी भाव तिघांनाच कळतो. पूर्ण बोट धरलं तर पूर्ण आकडा, नुसतं टोक धरलं तर अर्धा. तोंडानं मात्र पाऊसपाण्याच्या गप्पा चालू ठेवायच्या. काकांची बोटं इतकी बोलकी, की बाजारात म्हणत, हा माणूस मुका असता तरी बंगला बांधला असता.

पण दलालाच्या दावणीला जनावर टिकत नाही. सकाळी बांधलेली म्हैस संध्याकाळी दुसऱ्याच्या दारात. आणि त्यांच्या बायकोला, सुंदरकाकूंना, खोड अशी, की आलेल्या प्रत्येक जनावराला नाव ठेवायचं. लग्नात माहेराहून त्यांच्यासोबत एक तांबूस गाय आली होती, हरणी. लेक वैष्णवी पोटात होती तेव्हा काकांनी तीही विकली. चांगला भाव आला, हे त्यांचं कारण. त्या दिवशी काकूंनी भाकरी थापल्या, वाढल्या, आणि काका जेवत असताना एवढंच विचारलं, "दावं तरी माघारी आणलं का?" विकणाऱ्यानं दावं द्यायचं नसतं, तशी रीतच आहे. काकांनी आणलं होतं. ते गोठ्याच्या खुंटीला अजून लटकतं आहे. ते काढून टाकायची काकांची छाती नाही आणि वापरायची तर त्याहून नाही.

गेल्या दिवाळीला लेक वैष्णवी पाटोद्याहून आली आणि तिनं आईच्या मोबाइलमध्ये शेतीचा गेम टाकून दिला. छोटंसं शेत, पाण्याचं टाकं, कोंबड्या, हसणाऱ्या गायी. गहू पेरला की चहा होईपर्यंत काढायला येतो. गोचीड नाही, लाळ्या-खुरकूत नाही, लोडशेडिंग नाही. काकूंना त्यात एकच दोष दिसला.

"शेण पडत न्हाई बाई. बिगरशेणाची गाय म्हंजी पावण्याच्या घरची, आपली वाटतच न्हाई."

तरी आपली वाटू लागली. बघता बघता गल्लीतल्या साऱ्या बायांच्या मोबाइलात हेच शेत आलं. दुपारी ओट्यावर पाच-सहा जणी बसायच्या आणि असं बोलणं चालायचं:

"मंगल, कोंबड्या उपाशी ठिवल्या का गं? आंडं पाठीव की एक."

"कावून पाठवू? काल दूध मागितलं तर तू झोपलीस!"

रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, केवढ्या बागायतदारणी! यातल्या निम्म्या तर लहानपणी अंगणात भातुकली मांडताना अशाच भांडल्या असतील. काकूंनी आपल्या पहिल्या गाईला नाव दिलं, हरणी. मग आणखी तीन घेतल्या. आणि काकू चौघींनाही खऱ्या गायींसारखी साद घालायच्या. काकूंचा आवाज म्हणजे, त्यांनी घरातून "चहा झालाय ओ" म्हटलं की एसटी स्टँडवरचे दोघेतिघे उठून उभे राहायचे.

आणि गाठ आली ती नेमकी गळ्यात.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. गाठ काढावी लागेल. साधीच वाटते, पण आवाजाची नस तिला चिकटून जाते. जपूनच करू, मात्र क्वचित आवाज बसतो, क्वचित जातो, हे सांगणं आमचं काम आहे. काकूंनी "बरं" म्हटलं.   नेकनूरला घराच्या दारात उतरल्यावर काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "घरात आवाज न्हाई म्हंजी... मला घरी यायचं कळंल कसं?" प्रश्न वेडा होता, पण त्यावर हसता येईना.

ऑपरेशनच्या सकाळी आत नेताना सिस्टरनं बांगड्या काढायला लावल्या, मंगळसूत्र काढायला लावलं. शेवटी काकूंनी मोबाइल काकांच्या हातात दिला.

"ऐका. चारी गायी भुकेजल्या की वरडत्यात. चारा टाका, दूध काढा. दुसऱ्या कशाला हात लावू नका. मी भाईर येईन तवा हरणी दावणीला पाहिजे."

"अगं हाय का आता..."

"माझा आवाज गेला तर जाऊ द्या. हरणी पाहिजे. सबूद द्या."

काकांनी शब्द दिला. दार बंद झालं, दारावरचा लाल दिवा लागला.

तो दिवा पाहून काकांचे गुडघे हलू लागले. स्वतःचे गुडघे हातानं दाबून धरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. ट्रॉलीचं चाक कुठं कुरकुरलं की उभे. कुणी हिरव्या कपड्यातला बाहेर आला की उभे. तो माणूस चहा प्यायला निघालेला असायचा. पाण्याची बाटली उघडली तर सगळं पाणी सदऱ्यावर. मध्येच म्हणाले, "त्या कागदावर मी सही केली. वाचलं न्हाई. त्यात आवाज लिवला आसंल का?" मी म्हणालो, असेल. "मग मीच सही करून दिला म्हणा की आवाज." 

त्यातल्या त्यात मोबाइलनं हाताला काम दिलं. पण काकांचं बोट दावं ओढून ओढून असं राठ झालेलं, की मोबाइलला ते बोटच वाटेना. दाबलं तरी गाय ढिम्म. शेवटी काका बोट दुमडून पेरानं दार ठोठावल्यासारखं टकटक करू लागले, आणि चारा पडला. गाय हसली. काका हसले नाहीत.

आणि मग गेममध्ये टोपीवाला आला. टेंपो घेऊन फाटकाशी उभा. वर पाटी उमटली: 'ही गाय मला द्याल? चांगली किंमत देतो.' खाली दोन बटणं, हिरवं आणि लाल. काकांनी लाल ठोठावलं. टोपीवाल्यानं भाव वाढवला. पुन्हा लाल. पुन्हा भाव चढला. मी पाहत होतो. काकांची पाठ सरळ झाली, गुडघे थांबले, डोळ्यांत बाजार उभा राहिला. ओठांतल्या ओठांत म्हणालेसुद्धा, "आजून चढंल गिऱ्हाईक." चढलं. भाव दुप्पट झाला, आणि उभ्या आयुष्याची सवय असलेलं ते पेर आपसूक हिरव्यावर पडलं.

"बसला सौदा!" काका मांडीवर थाप मारून म्हणाले. सकाळपासून त्यांच्या तोंडावर आलेला पहिला रंग तो.

गाय टेंपोत चढली. तिच्या गळ्यातल्या पाटीवर नाव होतं, हरणी.

"ए! ए थांब बे!" काका इतक्या मोठ्यानं ओरडले की कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याचं प्लास्टर बांधलेलं पाऊल उडालं. "थांब म्हनलं ना! उतरीव खाली!" टेंपो निघून गेला. गोठ्यातली एक जागा रिकामी.

काका पांढरेफटक पडले. लाल दिव्याकडं बघत म्हणाले, "गेला. वैष्णवीच्या मायचा आवाज गेला बगा. मी इकला."

समोरच्या बाकावर फरजाना नावाची एक तरुण बाई बसली होती. तिची सासू चाँदबी मांडीच्या हाडासाठी वॉर्डात होती. बीडला त्यांचा फळांचा गाडा. ती उठून आली, मोबाइलात डोकावली आणि आधी तिला हसूच आलं. मग काकांचा चेहरा पाहून हसू गिळलं.

"चाचा, टोपीवाल्याला दिली का? आमच्या सासूनं पण कोंबडा दिलता असाच. दोन दिवस जेवली न्हाई."

"माघारी कसं आणायचं त्याला, बेटा? भाव परत देतो. वर दोन पैसे देतो."

"न्हाई येत. टोपीवाला एकदा गेला की गेला." तिनं जरा विचार केला. "वासरू घेता येतं. आत्ताच्या आत्ता. पन त्याला मोठं व्हायला शेजारणींनी दूध पाठवावं लागतं. मी पाठवते. थांबा, अजून शेजारणी बघते."

आणि ती बाई वॉर्डात शिरली. पाच मिनिटांत काकूंच्या शेताला नव्या शेजारणी मिळाल्या: फरजाना, खाटेवर पाय टांगलेली चाँदबी, केसपेपर काढणारी करिष्मा, आणि कुणाची तरी बहीण. दुधाच्या बाटल्या टुणटुण येऊ लागल्या. काका प्रत्येक बाटलीला हात जोडत होते, मोबाइलला. वासरू टुणकन उड्या मारायचं, पण गाय काही होईना.

"हिला नाव टाका," फरजाना म्हणाली. "हरणीच टाका. मोठं झालं की या गेममदी सगळ्या गायी सारख्याच दिसतात चाचा, चाचीला काय कळतंय?"

काकांनी मान वर केली. भ्यालेल्या माणसाच्या तोंडावर एवढा करारीपणा येतो कुठून कोण जाणे.

"न्हाई. दलाली केली मी, पन दात घासून म्हातारा बैल तरणा म्हनून इकला न्हाई कधी. हिला नाव न्हाई."

 वासरू बिननावाचं राहिलं.

दिवा विझला. डॉक्टर बाहेर आले. गाठ निघाली, नस जपली आहे, पण आवाजाचं खरं उद्याच कळेल. आज त्यांना अजिबात बोलू द्यायचं नाही, एक शब्दही नाही. काकांनी "उद्या?" असं विचारलं, जणू उद्या हे कुठलं तरी लांबचं गाव आहे आणि तिथं एसटी जात नाही.

दुपारी आत सोडलं. गळ्याला पांढरी पट्टी, चेहरा सुकलेला, पण काकू जाग्या होत्या. फरजाना दाराशी थांबली, मी पायथ्याशी. काका स्टुलावर बसले आणि मोबाइल खिशात खोल ढकलला. काकूंनी खिशाकडं पाहिलं. मग चादरीखालून हात आला आणि काकांचा हात ओढून चादरीत घेऊन गेला.

इतक्या वर्षांत नवऱ्याची बोटांची भाषा काकूंना येते हे काकांना माहीत नव्हतं. चादर जराशी हलली. काकूंनी त्यांची चार बोटं धरली आणि भुवया वर केल्या.

चार?

आता काकांना पळवाट होती. तीन गायी आणि एक वासरू, मोजून चारच. चार बोटं दाबून मोकळं होता आलं असतं.  चादर पुन्हा हलली. काकांनी काकूंची तीन बोटं धरली. सोडली. आणि मग करंगळीचं नुसतं टोक.

साडेतीन.

काकूंचे डोळे मोठे झाले. पट्टीखाली गळा हलला. सिस्टर "अं हं!" म्हणत धावली, पण तोवर उशीर झाला होता. फाटलेला, घोगरा, भाकरीच्या तव्यावर उलथनं घासावं तसा आवाज आला:

"इकलीत व्हय? माझी हरणी?"

काका स्टुलावरून उठायला गेले आणि खाटेच्या दांडीला धरून खालीच बसले. "बोलली! सिस्टर, बोलली ओ! ऐकलं का तुमी? वरडली माझ्यावर!" रडत होते की हसत होते, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"अहो, बोलू द्यायचं नाही म्हटलं ना!" सिस्टर दोघांवरही डाफरली आणि काकूंच्या ओठांवर बोट ठेवून उभी राहिली. काकूंनी मुकाट्यानं तोंड मिटलं. पण चादरीतला हात सोडला नव्हता. चादर हलली. काकांनी कण्हल्यासारखं केलं.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"एक म्हनती."

"एक काय?"

"गाय. खरी. शेण टाकणारी." काका हळूच म्हणाले. "दावणीला कायमची. खुंटीवरचं दावं काढून तिलाच लावायचं म्हनती."

"दावं बोटांनी सांगितलं?"

"त्ये डोळ्यांनी सांगितलं."

काकांनी सवयीप्रमाणं थोडा वेळ घेतला. पहिल्या बोलीला हो म्हणायचं नसतं, ते त्यांच्या रक्तातच आहे. तेवढ्यात चादर पुन्हा हलली आणि काकांचा चेहरा पडला.

"आता दोन म्हनती!"

दारातून फरजाना ओरडली, "चाचा, हौ बोला लवकर! भाव चढायलाय!"